आमच्या अंगणातला हेल

आधी माफी मागतो. मी लेखक नाही, डॉक्टर नाही आणि पाळकही नाही. वाशीमच्या कॉलेजात बी.ए. करतोय. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि माझ्या निबंधावर सर अजूनही ‘बरा’ एवढाच शेरा देतात. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त सोसलेली माणसं मी एकाच वॉर्डात पाहिली आहेत. त्यांच्यातली काही आज नाहीत. त्यांच्यासमोर आपलं दुखणं मांडायचं म्हणजे मला लाजच वाटते. पवित्र शास्त्रावर, म्हणजे बायबलवर, बोलायचा माझा अधिकार तर त्याहून कमी.

तरी लिहितो, कारण आजारी होतो तेव्हा मी असं काहीतरी वाचायला शोधत होतो. जे हाती लागलं त्यातली माणसं फार धीट होती. सुरुवातीला आजार, लगेच प्रार्थना, आणि पान उलटलं की बरे. मी तसा नव्हतो. मी घाबरलो होतो, आणि देवावर रागावलोही होतो. तुमच्यापैकी कोणी आत्ता तसं असेल, तर हे त्याच्यासाठी आहे. बाकीच्यांनी सोडून दिलं तरी चालेल.

गाठ

आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावला दाढी करायला बसलो होतो. न्हाव्याने वस्तरा मानेवर आणला आणि थांबला.

“भाऊ, हे काय हाय इथी?”

त्याने माझंच बोट धरून तिथे ठेवलं. शेंगदाण्याएवढी गाठ होती. दुखत नव्हती. दुखली असती तर मी लवकर दाखवली असती, असं पुढे खूपदा मनात आलं. म्हणून आत्ताच सांगतो, गाठ दुखत नसली तरी डॉक्टरांना दाखवा.

आमचं गाव जऊळक्याजवळ. बाबा गवंडी आहेत. आमच्या घराला लागूनच शांता मावशीचं घर. ती नात्याने मावशी नाही, पण मला चालायला तिनेच शिकवलं असं ती सगळ्यांना सांगते. ती बुद्धाला मानणारी, आम्ही ख्रिस्ताला. दोन्ही चुलींच्या मध्ये एकच भिंत, आणि तीही बाबांनीच बांधलेली. मावशीने माझी मान चाचपून निकाल दिला, “गंडमाळ हाय बाप्पा. माह्या सासऱ्याले झाल्ती. उगीच तोंड पाडू नको.”

आम्हालाही तसंच वाटत होतं. पण गाठीच्या सोबतीला दुसरी गाठ आली. संध्याकाळी ताप यायचा, घामाने उशी ओली व्हायची. वाशीमच्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला आणि मग आम्हाला नागपूरला जायला सांगितलं.

“काय म्हणे?”

जऊळक्याहून अकोल्यापर्यंत एक गाडी, तिथून दुसरी. आईने डब्यात ठेचा आणि भाकरी बांधून घेतल्या होत्या. कोणीच खाल्ल्या नाहीत.

डॉक्टर तरुण होते. अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत बोलत होते, आणि बोलताना माझ्याकडेच पाहत होते, कारण समजल्यासारखी मान मीच हलवत होतो. ते थांबले की बाबा माझ्याकडे वळून विचारत, “काय म्हणे?”

घरात आलेला प्रत्येक कागद मीच वाचून दाखवतो. वीजबिल, शाळेचा दाखला, औषधाच्या बाटलीवरचं लिहिलेलं. शिकलेल्या पोराचं ते कामच असतं. त्या दिवशी कागद मीच होतो, आणि तो मलाच वाचून दाखवायचा होता.

“गाठीचा आजार हाय म्हणते,” मी म्हणालो. “औषधानं बसते.”

“मंग कॅन्सर कोणाले म्हणाला तो?” आई म्हणाली. “तेवढा शब्द मले बी समजते, बाबू.”

डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं, की या प्रकारची गाठ बऱ्याच जणांची औषधाने जाते. ते वाक्य मी दोनदा सांगितलं. बाबांनी ते दोन्ही वेळा अगदी सारख्याच चेहऱ्याने ऐकलं. मग उठले, पिशवी खांद्याला अडकवली आणि म्हणाले, “चाला. प्रभू पाहून घेईल.”

कोणी रडलं नाही. बाहेर चहाच्या टपरीवर आम्ही तिघं उभे होतो. बाबांनी माझ्या चहात एक चमचा साखर जास्त टाकायला सांगितली. मला जास्त साखर आवडत नाही आणि हे त्यांना माहीत आहे. त्यावरून मला कळलं, की ते घाबरलेत.

हेल

इथे हेलाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्याकडे माणूस गेलं की बाया हेल काढून रडतात. त्यात नुसतं रडू नसतं. गेलेल्याचं नाव घेऊन, त्याला काय आवडायचं, तो कसा बोलायचा, काय करायचं राहून गेलं, हे सगळं सूर लावून सांगायचं. हेल ऐकला की गल्लीला कळतं. कामावर निघालेली माणसं माघारी फिरतात. शेजारीण आपल्या चुलीवर पिठलं टाकते आणि भाकरी थापायला घेते, कारण मरणाच्या घरी चूल पेटत नाही.

आजोबांनी विश्वास घेतला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले, तेव्हापासून आमच्या घरातून हेल निघाला नव्हता. आपल्याला पुनरुत्थानाची आशा आहे, आशा नसलेल्यांसारखं रडायचं नाही, असं आजोबा सांगत. बाबांनी ते शब्दशः पाळलं. खुद्द आजोबा गेले तेव्हा आम्ही गीतं गायली. शांता मावशीला संध्याकाळी दुसऱ्या कोणाकडून कळलं. ती कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली.

“तुमच्या घरचं मरण बी समजत नाई माणसाले! गाणे आयकू आले तं मले वाटलं मिटिंग हाय तुमची. आमी पिठलं-भाकर कवा आणाव मंग? पुढच्या साली?”

 मला वाटतं, बाबांना त्याचा थोडा अभिमानच वाटत होता.

नागपूरहून परत आलो तेव्हाही त्यांनी दारातच आईला सांगितलं, “घरात रडारड नाई पायजे. पोट्ट्याची हिंमत खचते.” मग मला म्हणाले, “ओळंबा हालला का भिंत वाकडी जाते. आपण हालाचं नाई.” ओळंबा म्हणजे भिंत सरळ आहे का ते पाहायला गवंडी दोरीला बांधून सोडतात ते वजन. बाबांच्या बोलण्यात तो नेहमी येतो.

तसं आम्ही हाललो नाही. आई भांडी जरा जोरात आपटायची, एवढंच. बाबा रोज सकाळी प्रार्थनेत माझ्यासाठी उपकारस्तुती करायचे, देवाचे आभार मानायचे. आमचं घर इतकं धीट झालं, की भ्यायलेल्या माणसाला त्यात बसायला जागा उरली नाही. मी टेकायला मागच्या अंगणात जायचो.

लाल औषध

उपचारांबद्दल फार लिहीत नाही. तुमचे डॉक्टर तुम्हाला सांगतील. मला कोणी न सांगितलेल्या दोन-तीन गोष्टी मात्र सांगतो.

सलाइनमधून देतात त्यातलं एक औषध लाल असतं. वॉर्डात सगळे त्याला ‘लाल’च म्हणतात. ते दिल्यावर लघवी लाल होते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला रक्तच वाटलं आणि मी संडासात भिंत धरून उभा राहिलो. रक्त नसतं ते. घाबरू नका.

लाल चालू असताना तोंडात बर्फ धरायचा. हे मला शेजारच्या खाटेवरच्या काकांनी शिकवलं. ते रिसोडकडचे, बँड पार्टीत क्लॅरिनेट वाजवायचे. “बर्फ चोख, पोट्ट्या, नाईतं तोंडात असे फोड येते का शिट्टीबी वाजवता येत नाई,” म्हणाले. तोंड येणं म्हणजे काय असतं, हे वाजवणाऱ्या माणसाइतकं कोणाला कळणार?

केस गेले त्याचं दुःख झालं नाही. भुवया गेल्या तेव्हा झालं. आरशात कोणीतरी कायम चकित झाल्यासारखं माझ्याकडे पाहायचं.

वासांचा फार त्रास व्हायचा. आईने फोडणी टाकली की मला घराबाहेर जावं लागायचं. शांता मावशीला ते भिंतीपलीकडून कळलं असावं. ती ज्वारीच्या कण्या शिजवून आणायची, फोडणी नाही, काही नाही, वर थोडं ताक. वाटी ठेवायची आणि माझ्या खाटेजवळ जमिनीवर बसायची. एरवी तिचं तोंड बंद नसतं. त्या दिवसांत ती गप्प बसून राहायची. उठताना फक्त म्हणायची, “जातो मी. भांडं राहू दे.”

शास्त्रातला ईयोब आठवतो का? सगळं गेल्यावर त्याचे मित्र आले आणि कितीतरी दिवस त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. त्यांनी तोंड उघडलं तिथून सगळं बिघडलं. पण तोवर ते चांगले मित्र होते. मावशीने ईयोबाचं नावही ऐकलेलं नाही. मला तिच्यामुळे ती गोष्ट समजली.

साक्ष

आमची मंडळी लहान आहे, गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. उपासनेची पत्र्याची खोली बाबांनी बांधली आहे. पाळकसाहेब रविवारी मालेगावहून मोटरसायकलवर येतात.

दोन डोसांच्या मधला रविवार होता. मी कानटोपी घालून मागे बसलो होतो. त्या दिवशी बाहेरगावचे एक भाऊ पाहुणे म्हणून आले होते. मला पाहून त्यांना फार कळवळा आला, हे मी मान्य करतो. पण ते म्हणाले, “उठ, साक्ष दे. मी बरा झालो, असं विश्वासानं म्हण. तोंडानं कबूल केलं की होतं. भीती मनात ठेवू नको, ती कुरकुर आहे. शास्त्रात अरण्यात देवाविरुद्ध कुरकुर करणारे तिथेच मेले, माहीत आहे ना?”

मी उठलो. सगळी मंडळी माझ्याकडे पाहत होती. बाबा पुढच्या सतरंजीवर, मान खाली. ‘मी बरा झालो’ हे शब्द तोंडापर्यंत आणले. पण ते खोटे होते, आणि खोटं बोलून देवाला खूश करायचं म्हणजे मला काहीतरी विचित्र वाटलं. शेवटी तोंडातून निघालं ते असं:

“मले भेव वाटून राह्यलं.”

एवढंच. मग मी खाली बसलो.

पत्र्यावर चिमण्यांचा आवाज येत होता. पाळकसाहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग त्यांनी शास्त्र उघडलं आणि एक स्तोत्र वाचलं. त्यात देवाचा भक्तच देवाला पुन्हा पुन्हा विचारतो, कोठवर? मला विसरून जाणार आहेस का? तोंड कोठवर लपवणार आहेस?

वाचून झाल्यावर ते म्हणाले, “हे ‘कोठवर’ म्हणजे आपलं काय? कुठलोक. एसटीत कंडक्टर इचारते ना, कुठलोक जाता? इथी प्रवासी कंडक्टरले इचारून राह्यला, का बाप्पा, तू मले कुठलोक नेऊन राह्यला?”

कोणीतरी हसलं. मला वाटतं आईच.

“कुरकुर वेगळी,” ते पाहुण्यांकडे वळून अगदी आदराने म्हणाले. “कुरकुर लोकं आपल्या तंबूत बसून करते, देवाच्या पाठीमागं. हा त्याच्या तोंडावर बोलून राह्यला. तोंडावर बोलते त्याचा अजून भरोसा असते. पोरगं खरं बोललं. खरी साक्ष झाली ती.”

पाहुणे नंतर माझ्या पाठीवर हात ठेवून गेले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण घरी येताना बाबा माझ्या पुढे चालत होते आणि एकदाही मागे वळले नाहीत. मी त्यांना लाज आणली, असंच मला वाटलं.

त्या आठवड्यात मी स्तोत्रं पहिल्यापासून वाचायला घेतली. लहानपणी आम्हाला पाठ करायला दिलेली सगळी गोड होती. न दिलेली केवढी होती! आसवांनी अंथरूण भिजल्याची, हाडं मोजता येतील अशी अवस्था झाल्याची. बहुतेकांच्या शेवटी उजेड येतो. पण एक असं सापडलं, की ते अंधारातच संपतं. शेवटी स्तुती नाही, काही नाही. तरी ते शास्त्रातून कोणी काढून टाकलं नाही. रागावलेल्या माणसालाही देवाच्या पुस्तकात जागा आहे हे पाहून मला त्या रात्री बरी झोप लागली. आणि प्रभू स्वतः मित्राच्या कबरेजवळ रडला. त्या मित्राला आपण आता जिवंत करणार, हे तर त्याला माहीत होतं. तरी रडला.

आईने काढला

मग तो ताप आला. औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, त्यात संसर्ग झाला. नागपूरला नेलं तेव्हा मी गाडीत काय बडबडत होतो ते मला आठवत नाही. दोन दिवसांनी मला शुद्ध आली, ती दुपारी. सिस्टर शीर शोधत होती. “हातानं दगा दिला, भाऊ, पायाला विचारते,” म्हणाली. शेजारची खाट रिकामी होती. गादी गुंडाळून ठेवलेली. काका कुठे आहेत, मी विचारलं नाही. सिस्टरनेही सांगितलं नाही.

बाबा औषध आणायला खाली गेले होते. आई खाटेच्या लोखंडी दांडीला धरून बसली होती. आणि मला ऐकू आलं. हळू, अगदी हळू, पण तो सूर चुकण्यासारखा नव्हता.

“अरे माह्या देवा… हे लेकरू कारलं खात नाई रे देवा… पावसात भिजून येते अन् डोकं पुसत नाई रे… इंग्रजी पुस्तक वाचता वाचता झोपते, याच्या छातीवरचं पुस्तक मी उचलते रे देवा… कुठलोक रे देवा? कुठलोक अशी वाट पाहू? झोपला काय तू? उठ ना रे बाप्पा…”

 हेल मेलेल्यासाठी काढतात.

“आई,” मी म्हणालो, “मी मेलो नाई.”

ती थांबली. पदराने नाक पुसलं. “माहीत हाय मले,” म्हणाली. “मेलेल्यासाठी काढलेला हेल मेलेल्याले आयकू येते काय? हा जित्याले आयकवासाठी काढला. देव तं जिता हाय ना?”

आणि पुन्हा सुरू केला. या वेळी जरा मोठ्याने. पलीकडच्या खाटेवरच्या मुलीची आजी उठून आली आणि आईला टेकून बसली. सिस्टर आत आली, थबकली आणि दार हलकेच ओढून निघून गेली. मीही रडलो. आजार सुरू झाल्यापासून पहिल्यांदा, कोणाच्या तरी समोर. रडून झाल्यावर मला भूक लागली. हे मी जसं झालं तसं सांगतोय. यात चमत्कार आहे असं माझं म्हणणं नाही.

बाबा दारातच उभे होते. कधीपासून, कोणाला माहीत. हातात औषधाची पुडी होती. मला वाटलं, आता आईला बोलतील. त्यांनी पुडी ठेवली, माझ्या पायाशी बसले आणि म्हणाले, “ओळंबा सोडला का आधी हालतेच.”

त्यांनी हवेत दोरी सोडल्यासारखा हात धरला.

“हालू द्या लागते त्याले. मंग आपल्या आपण थांबते. हातानं धरून ठेवला तं भिंत सरळ हाय का वाकडी, काई समजत नाई.” मग आईला म्हणाले, “म्या हातानं धरून ठेवल्ता.”

आई म्हणाली, “चहा आणला काय?”

“नाई.”

“मंग आणा ना.”

वाट

तिथून माझी तब्येत सुधारली, पण मन लगेच नाही. घरी आल्यावर काकांसाठी मी ते अंधारात संपणारं स्तोत्र वाचलं. त्यांचं क्लॅरिनेट आता कोण वाजवत असेल, हे देवाला विचारलं. उत्तर आलं नाही. त्यांच्यासाठी अजूनही विचारतो. मी वाचलो आणि ते नाही, याचा अर्थ मला लागलेला नाही. कोणी तुम्हाला तो पटकन लावून दिला, तर जरा सावध राहा, एवढंच म्हणेन.

आमच्या घरात मात्र फरक पडला. आई चुलीपाशी मोठ्याने रडायची, आणि भिंतीपलीकडून मावशी ओरडायची, “येऊ काय वं सरिता?” आई म्हणायची, “ये.” सकाळच्या प्रार्थनेत बाबा उपकारस्तुती आधीसारखीच करायचे, पण तिच्या आधी एक वाक्य असायचं, “प्रभू, आमी भेलो हाओत.” ते ऐकलं की मला दिवसभर बरं वाटायचं.

शेवटचा डोस झाला. नंतर गाठी खरंच गेल्या की लपल्या, हे पाहायला मोठी तपासणी झाली. रिपोर्ट आला की फोन करू, असं दवाखान्यातून सांगितलं. तुमच्यापैकी ज्यांनी अशी वाट पाहिली आहे त्यांना सांगायला नको. फोन वाजला की मी नंबर न पाहताच उचलायचो. एकदा तर कोणीतरी मला कर्ज हवं का म्हणून विचारलं, आणि मी त्याला “सिस्टर, नीट सांगा” म्हणालो.

शेवटी बाबाच म्हणाले, “दे तो फोन माह्याजवळ. तू कॉलेजात जा. मी आजकाल घरचा ओटाच दुरुस्त करून राह्यलो.” मी फोन त्यांच्या हातात दिला आणि वाशीमला गेलो. वर्गात सरांनी हजेरी घेताना माझं नाव घेतलं, मान वर करून पाहिलं, आणि पुढचं नाव घ्यायला त्यांना वेळ लागला. 

दुपारच्या गाडीने जऊळक्याला उतरलो आणि पायी निघालो. पाय अजून कच्चे होते, मध्ये बसत बसत आलो. गावाच्या पहिल्या घरांपाशी पोचलो आणि हेल ऐकू आला.

आमच्या घराकडून. आणि तो पुरुषाचा आवाज होता.

आमच्याकडे पुरुष हेल काढत नाहीत. त्या आवाजात रडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं, तरी बाबांचा आवाज मला कळला. समोरून शांता मावशी धावत आली. कोपरापर्यंत हात पिठाने भरलेले. मला पाहून ती जागच्या जागी थांबली, आणि त्या पिठाच्या हातांनी माझं तोंड चाचपलं.

“तू तं जिता हाय रे आश्या!”

“मावशी, काय झालं?”

“मले काय माहीत! मले वाटलं तुयच काई आलं कानावर. पिठलं टाकलं म्या चुलीवर.” मग तिचा चेहरा उतरला. “मंग… सरिता?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि निघालो. मी पळू शकत नव्हतो. तिने मला दंडाला धरून अक्षरशः ओढत नेलं.

अंगणात निम्मी गल्ली होती. दोघं जण तर कुदळ-फावडं घेऊन आले होते, कारण आमच्यात पुरतात हे त्यांना माहीत होतं. आई दारात उभी होती. उभी होती! दोन्ही हात तोंडावर. अर्धवट ओट्याच्या पायथ्याशी, जमिनीवर बाबा बसले होते. मांडीवर माझा फोन, सिमेंटने माखलेला. डोळे मिटून ते हेल काढत होते. आई काढते तसा, नाव घेऊन, सूर लावून, फक्त फार बेसूर.

“अरे माह्या देवा… किती वाट पाहाले लावली रे देवा… माह्या बापाच्या टायमाचा हेल म्या गिळला रे देवा… त्याचा बी आज घे रे… हाडं दिसाले लागले त्या पोट्ट्याचे रे देवा… त्याच्या चहात म्या साखर टाकली, त्याले नाई आवडत रे…”

कुदळवाला माणूस मला पाहून म्हणाला, “अरे मनोहरभाऊ, तुमचा पोट्टा तं हा उभा हाय! रडून कायले राह्यले?”

बाबांनी डोळे उघडले. मला पाहिलं. हेल थांबवला नाही. माझ्या पायाला हात घालून मला खाली ओढलं आणि माझं केस नसलेलं डोकं छातीशी धरून तसेच गात राहिले.

मावशीने शेजारधर्माने टाकलेलं पिठलं त्या दिवशी सगळ्यांनी आमच्या अंगणात बसून खाल्लं, कुदळवाल्यांनीसुद्धा. मला फोडणीचा वास आला आणि काही झालं नाही. पण ते नंतरचं. त्या क्षणी मला अजून काहीच माहीत नव्हतं. सिमेंटचा वास येत होता आणि बाबांची छाती हलत होती.

“कोणी सांगान काय मले?” मावशी ओरडली. “कोण गेलं?”

आईने तोंडावरचे हात काढले. ती हसत होती.

“नागपूरहून फोन आल्ता,” ती म्हणाली. “गाठी गेल्या.”

“सगळ्या?”

“सगळ्या. फोटोत काईच नाई राह्यलं म्हणे.”